क्लीव्हलँड ब्राऊन्स, १९४४ ते १९५०: संघ कोणी, कसा उभा केला?

चौथा डाऊन (धागाकर्ता)

एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची मुख्य व्यावसायिक लीग) मुख्य धाग्यावर ब्राऊन्सच्या चर्चेला फारच फाटे फुटले, म्हणून हा वेगळा धागा. विषय मर्यादित आहे: मालक आर्थर मॅकब्राइड आणि कोच पॉल ब्राऊन या दोघांनी हा संघ शून्यातून कसा उभारला. १९९९ नंतरच्या पराभवांचं रडगाणं इथे नको, त्याला तो धागा आहेच.

आधी लीगबद्दल. शिकागो ट्रिब्यूनचे क्रीडासंपादक आर्च वॉर्ड हे मोठे उलाढाली गृहस्थ. बेसबॉलचा १९३३ चा ऑल-स्टार सामना त्यांचा, १९३४ चा कॉलेज ऑल-स्टार फुटबॉल सामनाही त्यांचाच. ४ जून १९४४ ला सेंट लुईसमध्ये त्यांनी पैसेवाल्यांची बैठक बोलावली आणि एनएफएलला प्रतिस्पर्धी म्हणून ऑल-अमेरिका फुटबॉल कॉन्फरन्स काढली (पुढे एएएफसी म्हणतो). महायुद्ध चालू असल्यामुळे प्रत्यक्ष खेळ सुरू व्हायला सप्टेंबर १९४६ उजाडला. मधे सव्वादोन वर्षं गेली. बाकीच्या मालकांनी ती वाट पाहण्यात काढली, क्लीव्हलँडने ती वापरली. माझ्या मते या संघाच्या यशाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

क्लीव्हलँडचा संघ आर्थर ऊर्फ मिकी मॅकब्राइडकडे आला. मूळचा शिकागोचा, वृत्तपत्रांच्या खपविभागात तयार झालेला माणूस. १९१३ मध्ये क्लीव्हलँडला आला, पुढे टॅक्सी कंपन्या आणि स्थावर मालमत्तेत पैसा केला. मुलगा नोटर डेमला शिकायला गेला आणि बापाला फुटबॉलचं वेड लागलं. आधी त्याने शहरात असलेला क्लीव्हलँड रॅम्सच विकत मागितला. मालक डॅन रीव्ह्जने नकार दिला. तेव्हा वॉर्डच्या लीगमध्ये शिरला.

कोच म्हणून पहिली पसंती नोटर डेमचा फ्रँक लेही. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी 'आमचा माणूस नेऊ नका' अशी गळ घातल्यावर मॅकब्राइडने तो नाद सोडला. मग क्लीव्हलँडच्या प्लेन डीलर दैनिकाचे वार्ताहर जॉन डिट्रिक यांना सरळ विचारलं, की घेऊ कोणाला? त्यांनी पॉल ब्राऊनचं नाव सांगितलं. फेब्रुवारी १९४५ मध्ये करार झाला: वर्षाला १७,५०० डॉलर, संघाच्या मालकीत वाटा, आणि ब्राऊन नौदलात असेपर्यंत दरमहा १,००० डॉलर वेगळे. फुटबॉलच्या बाबतीत शेवटचा शब्द ब्राऊनचा. पगारापेक्षा ही शेवटची गोष्ट महत्त्वाची, तिच्यावर खाली बोलूच.

---

अजून_एक_प्रश्न

छान विषय. एक अडाणी प्रश्न: व्यावसायिक फुटबॉल कधीही न खेळलेल्या, न शिकवलेल्या माणसाला एवढा पगार कशासाठी?

---

खडूफळा

प्रश्न अडाणी नाही. त्या वेळी क्लीव्हलँडमध्ये पुष्कळांना पडला असेल. पण क्लीव्हलँडच्या ओहायो राज्यात पॉल ब्राऊन म्हणजे काय होतं ते बघा.

मॅसिलॉन गावच्या वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये १९३२ ते १९४०, नऊ हंगाम: ८० विजय, ८ पराभव, २ बरोबरी. मग ओहायो स्टेट विद्यापीठ. दुसऱ्याच हंगामात, १९४२ मध्ये, राष्ट्रीय विजेतेपद. १९४३ मध्ये लष्कराने वरच्या वर्गातली पोरं नेली आणि नवख्यांना घेऊन ३-६ असा हंगाम गेला. १९४४ मध्ये स्वतः नौदलात, ग्रेट लेक्स प्रशिक्षण केंद्राच्या संघाचा कोच. १९४५ मध्ये त्या संघाने नोटर डेमला ३९-७ ने हरवलं.

तेव्हा मॅकब्राइडने अनुभव विकत घेतला नाही, ओळखी विकत घेतल्या. शाळा, विद्यापीठ आणि नौदल अशा तीन ठिकाणी मिळून शेकडो खेळाडू या माणसाने एकतर शिकवले होते, नाहीतर समोरच्या बाजूला पाहिले होते. संघात कोण कुठून आला ते बघितलं की पटतं:

लू ग्रोझा, दांते लावेली, बिल विलिस, लिन ह्यूस्टन: ओहायो स्टेटमधले त्याचेच. ह्यूस्टन तर मॅसिलॉनपासूनचा.

मॅरियन मॉटली: शेजारच्या कँटन मॅकिन्ली शाळेचा, म्हणजे मॅसिलॉनचा कट्टर वैरी. पुढे ग्रेट लेक्समध्ये ब्राऊनच्याच हाताखाली.

ऑटो ग्रॅहम: नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा. १९४१ मध्ये ओहायो स्टेट एकच सामना हरलं, ७-१४, तो याच्यामुळे.

ग्रॅहमला एनएफएलच्या डेट्रॉइट लायन्सने १९४४ च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंवर संघांनी पाळीपाळीने हक्क सांगायची पद्धत) पहिल्या फेरीत निवडलं होतं. पण निवड म्हणजे करार नव्हे. ब्राऊनने त्याला वर्षाला ७,५०० डॉलर देऊ केले, आणि युद्ध संपेपर्यंत दरमहा २५० डॉलर.

---

हिशेबनीस

त्या २५० डॉलरवर जरा थांबू या, कारण कळीची गोष्ट तीच आहे.

१९४५ मध्ये गणवेशातला मुलगा सहसा व्यावसायिक संघाकडून खेळू शकत नव्हता, आणि युद्ध कधी संपेल हेही कोणाला ठाऊक नव्हतं. एनएफएलच्या मालकांचा हिशेब असा, की निवडीचा हक्क आपल्याकडे आहे, परत आले की बघू. नव्या लीगला तो हक्क मानायचं कारणच नव्हतं. मॅकब्राइडने मासिक रक्कम आधीच सुरू केली. सैनिकाच्या तुटपुंज्या पगारावर २५० डॉलर म्हणजे घर चालतं. असा मुलगा सुटून आला की आधी क्लीव्हलँडलाच येणार.

दुसरं, ब्राऊन स्वतः नौदलात अडकलेला होता, त्याला हिंडता येत नव्हतं. ते काम जॉन ब्रिकेल्स या सहायकाने केलं. नावं ब्राऊनची, सह्या आणायला ब्रिकेल्स. ग्रोझा त्या वेळी ओकिनावात, सैन्याच्या वैद्यकीय पथकात होता. करार तिथे पोचला, आणि सरावासाठी चेंडूही. लक्षात घ्या, ग्रोझा ओहायो स्टेटच्या मुख्य संघातून एकही सामना खेळला नव्हता, फक्त पहिल्या वर्षाच्या मुलांचे तीन. त्याच्या पायात काय आहे हे जगात फार तर दहा-पंधरा जणांना माहीत असेल. त्यांतला एक ब्राऊन होता.

---

लेक एरी

नावाचंही लिहा कोणीतरी. स्पर्धा घेतली होती ना?

---

चौथा डाऊन

हो, १९४५ मध्ये, बक्षीस १,००० डॉलरचा युद्धरोखा. आधी 'पँथर्स' निवडलं. पण शहरात १९२० च्या दशकात त्याच नावाचा संघ होऊन गेला होता, नावावर हक्क सांगणारा निघाला, शिवाय तो संघ हरणारा. ब्राऊनने नाव फेटाळलं. मग 'ब्राऊन्स' आलं. ते कोचवरून की मुष्टियोद्धा जो लुईच्या 'ब्राऊन बॉम्बर' या टोपणनावावरून, याच्या दोन्ही कथा छापून आल्या आहेत. खुद्द कोचने दोन्ही सांगितल्या असल्यामुळे वाद मिटायचा नाही. पुढे चला.

---

रानवारा

बाकी ठीक, पण हे सगळं 'पॉल ब्राऊन महान' या दिशेने चाललंय. रॅम्स जानेवारी १९४६ मध्ये लॉस एंजेलिसला गेले नसते तर? रिकामं शहर आयतं मिळालं की.

---

हिशेबनीस

अर्धं बरोबर. डिसेंबर १९४५ मध्ये रॅम्सने वॉशिंग्टनला १५-१४ ने हरवून एनएफएलचं विजेतेपद मिळवलं, क्लीव्हलँडच्याच म्युनिसिपल स्टेडियमवर, हाडं गोठवणाऱ्या थंडीत. महिन्याभरात ते पश्चिमेला निघाले. विजेता संघ शहर का सोडतो? रीव्ह्जला वर्षानुवर्षं तोटा होत होता, आणि आता त्याच गावात ब्राऊनसारख्या घराघरात माहीत असलेल्या माणसाचा संघ समोर उभा राहणार होता. तो लॉस एंजेलिसचा विचार आधीपासूनच करत होता, ब्राऊन्सने धक्का दिला. तेव्हा 'आयतं' हा शब्द मला जरा कमी पटतो.

फायदा झाला हे मात्र खरं. जावं लागू नये म्हणून रॅम्सचे मो स्कॅरी, टॉमी कोलेला, डॉन ग्रीनवुड, चेट अॅडम्स असे गडी ब्राऊन्सकडे आले.

---

खडूफळा

विलिस-मॉटली प्रकरण सविस्तर लिहितो, कारण त्यावर दोन टोकांची मतं ऐकू येतात.

१९३३ च्या हंगामानंतर एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी नियम नव्हता, मालकांची आपसांतली समजूत होती. १९४६ मध्ये ती दोन ठिकाणी मोडली. लॉस एंजेलिसमध्ये रॅम्सने केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोडला घेतलं. सार्वजनिक पैशाने बांधलेलं कोलिझियम स्टेडियम वापरायचं तर संघात वर्णभेद चालणार नाही, असा दबाव होता. क्लीव्हलँडमध्ये असा दबाव नव्हता. ऑगस्ट १९४६ मध्ये बोलिंग ग्रीनच्या सराव शिबिरात बिल विलिस दाखल झाला, काही दिवसांनी मॉटली. बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये जॅकी रॉबिन्सन यायला अजून एक हंगाम बाकी होता.

विलिसची निवड कशी झाली ते बघण्यासारखं आहे. वजन सुमारे ९७ किलो, मधल्या गार्डसाठी (बचावाच्या पुढच्या रांगेत मधोमध उभा राहणारा) हलकंच. त्याला सेंटर (चेंडू मागे देऊन चाल सुरू करणारा) मो स्कॅरीच्या समोर उभं केलं. चेंडू हलला रे हलला की विलिस त्याच्या बाजूने किंवा वरून क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू घेऊन पास टाकणाऱ्यावर. एकदा, दोनदा, दर वेळी. स्कॅरी ओरडू लागला, हा ऑफसाइड आहे, चेंडू हलायच्या आधीच रेषा ओलांडतो. कोच खाली वाकून रेषेवर डोळा लावून बसले. ऑफसाइड नव्हता. विलिस स्कॅरीच्या बोटांकडे बघत होता: चेंडू मागे द्यायच्या आधी सेंटरची बोटं आवळतात, पेरं पांढरी पडतात, आणि तेवढ्या क्षणावर तो सुटत होता. त्याच दिवशी जागा पक्की.

मॉटलीचं वजन १०५ किलोच्या आसपास, त्या काळच्या बऱ्याच लाइनमनइतकं (पुढच्या रांगेतले धिप्पाड खेळाडू), आणि तो फुलबॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा. पळण्याइतकंच त्याचं दुसरं काम मोलाचं: ग्रॅहम पास टाकायला मागे गेला की लाइनमधून निसटून आलेल्याला अडवायचं. त्याला चुकवून ग्रॅहमपर्यंत पोचणं फार कमी जणांना जमलं.

आता मतं. ब्राऊन समाजसुधारक होता म्हणणं जास्त होईल. मॅसिलॉनपासून त्याच्या संघांत कृष्णवर्णीय मुलं होती, आणि त्याचा निकष 'खेळतो का' एवढाच होता. पण जगाची त्याला कल्पना होती. मारामारीला उलट उत्तर द्यायचं नाही, असं दोघांना बजावलं होतं. समोरचे बोटं तुडवायचे, ढिगाखाली ठोसे मारायचे, पंच दुसरीकडे बघायचे. डिसेंबर १९४६ मध्ये मायामीत सीहॉक्सशी सामना होता. फ्लोरिडातले वर्णभेदाचे कायदे आणि धमक्या, यामुळे दोघांना मागे ठेवलं. ब्राऊन्स ३४-० ने जिंकले. हा डाग धरायचा की व्यवहार, ज्याचं त्याने ठरवावं. पुढच्या वर्षी मायामीचा संघच उरला नाही, त्याच्या जागी बाल्टिमोर आला.

---

अजून_एक_प्रश्न

वा. आता शिबिरात रोज काय चालायचं ते सांगा. 'वर्गात बसवून फुटबॉल' असं वाचलंय, म्हणजे नेमकं काय?

---

खडूफळा

म्हणजे शब्दशः वर्ग. बाकं, फळा, वही.

पहिल्या दिवशी ब्राऊनचं भाषण: कपडे कसे घालायचे, जेवताना कसं वागायचं, सार्वजनिक ठिकाणी सिगरेट नाही, दारू नाही, शिव्या नाहीत. मग प्रत्येकाला वही. प्रत्येक चाल खेळाडूने स्वतःच्या हाताने काढायची, फक्त आपली जागा नाही तर अकराही जणांची कामं लिहायची. छापील पुस्तक वाटणं सोपं होतं, पण हाताने लिहिलेलं डोक्यात राहतं असा त्याचा कयास. नंतर लेखी परीक्षा. बुद्धिमापन चाचणीही घ्यायचा, त्या काळी हे कोणी करत नव्हतं.

मग फिल्म. सामन्याची फिल्म बघायचे इतरही. ब्राऊनने पद्धत बसवली. हंगाम संपल्यावर सहायक कोच प्रत्येक चाल पुन्हापुन्हा बघून प्रत्येक खेळाडूला गुण देत. त्यासाठी सहायक बारा महिने पगारावर लागतात, आणि त्याने ते ठेवले. इतर संघांत सहायक मंडळी हिवाळ्यात दुसरी नोकरी बघायची. ब्लँटन कोलियर हा यातला दर्दी. आणि हे गुणपत्रक पगाराच्या बोलणीत टेबलावर यायचं, हेही लिहायला हवं. 'तुझं काम अमुक चालींत चुकलं' असं कागदावर असलं की खेळाडू काय बोलणार? पुष्कळांना हे झोंबायचं.

धावण्याची चाचणी १०० यार्डांची असायची, त्याने ४० यार्डांची केली. कारण साधं: पंट (चेंडू लाथेने लांब समोरच्यांकडे उडवणं) मारल्यावर बचावाला जेमतेम तेवढंच अंतर धावावं लागतं, १०० यार्ड सलग कोणी धावत नाही. आजही ड्राफ्टच्या आधी हेच अंतर मोजतात.

घरच्या मैदानावर सामना असला तरी आदल्या रात्री सगळा संघ हॉटेलात.

---

लेक एरी

आणि शिस्त मोडली की? कर्णधाराला काढलं होतं म्हणे.

---

चौथा डाऊन

जिम डॅनियल. टॅकल (एक लाइनमन), कर्णधार, ओहायो स्टेटचाच. १९४६ च्या अंतिम सामन्याच्या तोंडावर दारू पिऊन पोलिसांशी हुज्जत, अटक. ब्राऊनने दुसऱ्याच दिवशी सर्वांसमोर काढून टाकलं. त्याच्याविना न्यूयॉर्क यँकीजला १४-९ ने हरवलं. निर्णायक टचडाऊन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन मिळवलेले सहा गुण) ग्रॅहमच्या पासवर लावेलीचा. त्यानंतर नियमांची चाचपणी करायच्या फंदात कोणी पडलं नसावं.

---

ओहायोकर

खेळाच्या तंत्रावर कोणीच लिहीना, म्हणून मी.

ग्रॅहम कॉलेजात सिंगल-विंगचा टेलबॅक होता. त्या रचनेत सेंटर चेंडू चार-पाच यार्ड मागे फेकतो, टेलबॅक झेलतो, पळतो किंवा टाकतो. ब्राऊनला हवी होती टी-रचना: क्वार्टरबॅक सेंटरच्या पाठीला चिकटून, चेंडू हातातून हातात. इथे सगळा खेळ पावलांचा: वळणं, खोटं देणं, खरं देणं, मागे सरकणं. ग्रॅहम बास्केटबॉलही उत्तम खेळायचा (१९४६ मध्ये रॉचेस्टर रॉयल्सबरोबर व्यावसायिक विजेतेपद मिळवलं त्याने), पावलं तिथून तयार झालेली. तरी पहिल्या सामन्याला सुरुवात क्लिफ लुइसने केली, आणि संघाचा पहिला टचडाऊन पास लुइसचा, मॅक स्पीडीला. क्विझवाल्यांनी टिपून ठेवा.

पास टाकताना संरक्षण कसं द्यायचं हा दुसरा भाग. तोवर लाइनमन पुढे मुसंडी मारायचे. ब्राऊनने त्यांना मागे, वाटीच्या आकारात सरकायला लावलं, क्वार्टरबॅक त्या वाटीत. पास झेलणारे लावेली आणि स्पीडी सीमारेषेकडे धावून अचानक मागे वळायचे. पण ग्रॅहमने चेंडू ते वळायच्या आधीच सोडलेला असायचा. बचाव करणाऱ्याला डोळ्यांवर विसंबून चालत नाही. हे जमायला पावलं मोजून ठरलेली लागतात, अर्धं पाऊल चुकलं की चेंडू समोरच्याच्या हातात. म्हणून ती वह्यांची घोकंपट्टी.

ड्रॉ ही चाल मात्र अपघाताने सापडली. ग्रॅहमवर लाइन तुटून पडली, त्याने घाईत चेंडू मॉटलीच्या पोटात कोंबला, आणि मॉटलीसमोर कोणीच नव्हतं. सगळे पास अडवायला पुढे आलेले. फिल्म बघून ब्राऊनने तीच चाल वहीत घातली.

पंटर होरेस गिलम (हाही मॅसिलॉनचा, १९४७ पासून संघात) नेहमीपेक्षा मागे, सुमारे १५ यार्डांवर उभा राहायचा. वेळ मिळतो, उंच मारता येतं. आता सगळेच तसं करतात.

---

रानवारा

मान्य. पण लीग कच्ची होती हे तरी कबूल करा. एएएफसीतल्या ४७ विजय, ४ पराभव, ३ बरोबरीला किती किंमत द्यायची? १९५० मध्ये एनएफएलमध्ये घेतलेले बाकीचे दोन संघ बघा: सॅन फ्रान्सिस्को ३-९, बाल्टिमोर १-११.

---

हिशेबनीस

लीग असमतोल होती, हे कबूल. आणि त्याची किंमत मॅकब्राइडनेच मोजली.

६ सप्टेंबर १९४६ च्या पहिल्या सामन्याला ६०,१३५ प्रेक्षक, मायामीवर ४४-० विजय. इथवर झकास. १९४८ मध्ये संघ चौदाच्या चौदा सामने जिंकला. त्यात नोव्हेंबरचे ते आठ दिवस धरा: २१ ला न्यूयॉर्क, २५ ला लॉस एंजेलिस, २८ ला सॅन फ्रान्सिस्को, तिन्ही परक्या मैदानांवर आणि तिन्ही जिंकले. पण अंतिम सामन्यात बफेलोला ४९-७ ने झोडपताना स्टेडियमवर २३ हजारही माणसं नव्हती. जागा ७५ हजारांच्या वर! १९४९ च्या अंतिम सामन्यालाही तेच. निकाल आधीच ठाऊक असेल तर डिसेंबरात एरी सरोवराच्या वाऱ्यात कोण बसणार? संघ जितका जिंकत गेला तितका गल्ला आटला. इतर शहरांत तर हाल याहून वाईट, दोन लीगच्या चढाओढीत पगार वाढलेले. म्हणून डिसेंबर १९४९ मध्ये समझोता झाला आणि क्लीव्हलँड, सॅन फ्रान्सिस्को, बाल्टिमोर हे तीन संघ एनएफएलमध्ये आले.

त्यात एक बारीक व्यवहार झाला. बफेलोला प्रवेश मिळाला नाही, तेव्हा तिथल्या मालकाला, जेम्स ब्रॉइलला, ब्राऊन्समध्ये चौथा हिस्सा दिला. बदल्यात एब गिब्रॉन, जॉन किसेल, रेक्स बमगार्डनर हे तीन चांगले गडी क्लीव्हलँडला. लॉस एंजेलिस डॉन्स बुडाल्यावर लेन फोर्ड आला. मोडलेल्या लीगमधला कस काढून घेतला म्हणा.

---

ओहायोकर

रानवारा, लीगच्या कच्चेपणाचं उत्तर १६ सप्टेंबर १९५० ला मिळालं. कमिशनर बर्ट बेल यांनी मुद्दामच हंगामाचा पहिला सामना लावला: ब्राऊन्स विरुद्ध आदल्या दोन वर्षांचा विजेता फिलाडेल्फिया ईगल्स, त्यांच्याच शहरात. ७१,२३७ प्रेक्षक. निकाल ३५-१०, ब्राऊन्स. ग्रॅहमचे ३४६ यार्ड, ३ टचडाऊन पास.

कसं केलं ते बघा. ग्रीझी नीलच्या ईगल्सचा बचाव पाच जणांच्या लाइनचा, आणि कडेचे लाइनबॅकर (लाइनच्या मागचे बचावपटू) समोरच्या एंडना (लाइनच्या टोकाचे, पास झेलणारे) ढकलून त्यांची लय बिघडवणारे. ब्राऊनने हाफबॅक डब जोन्सला लांब बाहेर उभं केलं. आता लाइनबॅकरने एंडला धक्का मारावा की जोन्सच्या मागे जावं? पहिला टचडाऊन जोन्सचाच, ५९ यार्ड. दुसरं, ब्राऊन्सचे लाइनमन दर चालीला एकमेकांपासून थोडे थोडे लांब उभे राहू लागले. ईगल्सचे टॅकलही त्यांच्यासमोर राहायचं म्हणून बाहेर सरकले. मध्ये दार उघडं पडलं, आणि उत्तरार्धात मॉटलीला तिथून सोडलं.

नील नंतर म्हणाले, हा तर नुसता पासचा, बास्केटबॉलसारखा खेळ. डिसेंबरमधल्या परतीच्या सामन्यात ब्राऊनने एकही पास टाकू दिला नाही. अधिकृत आकडा शून्य. १३-७ ने जिंकले.

---

रानवारा

:) शून्य पासवाला किस्सा ठाऊक नव्हता. पण न्यूयॉर्क जायंट्सकडून दोनदा हरले ना त्याच हंगामात?

---

ओहायोकर

६-० आणि १७-१३. जायंट्सचे कोच स्टीव्ह ओवेन यांनी बचावाचे एंड मागे सरकवून पासच्या वाटा बुजवल्या, छत्रीसारखा पसरलेला बचाव. दोन्ही संघ १०-२ वर बरोबरीत, म्हणून निर्णायक सामना, ब्राऊन्स ८-३. त्यात जायंट्सचा जीन रॉबर्ट्स मोकळा सुटला होता, विलिसने मागून गाठून गोलरेषेच्या जरा अलीकडे पाडलं. मधल्या गार्डने हाफबॅकला धावून गाठणं म्हणजे काय ते समजून घ्या.

मग २४ डिसेंबरचा अंतिम सामना, समोर कोण? लॉस एंजेलिसचे रॅम्स, पाच वर्षांपूर्वी हेच शहर सोडून गेलेले. ब्राऊन्सचा एक जादा गुण (टचडाऊननंतर लाथेने मिळणारा) वाया गेला: सेंटरने चेंडू नीट मागे दिला नाही, चेंडू टेकवून धरणाऱ्या टॉमी जेम्सने तो उचलून पास टाकायचा प्रयत्न केला, तो फसला. तो एक गुण शेवटपर्यंत छळत होता. २७-२८ असताना ग्रॅहमने चेंडू जवळ आणला आणि २८ सेकंद बाकी असताना ग्रोझाने १६ यार्डांवरून फील्ड गोल (खांबांमधून लाथेने, तीन गुण) मारला. ३०-२८.

---

अजून_एक_प्रश्न

'टॅक्सी स्क्वॉड' हा शब्द मॅकब्राइडच्या टॅक्सींवरून आला हे खरं का?

---

हिशेबनीस

खरं. संघात नावं किती ठेवायची याला मर्यादा होती. ब्राऊनला जादा मुलं सोडवत नव्हती, सोडली की दुसरा उचलणार. मॅकब्राइडने त्यांना टॅक्सी कंपनीच्या पगारपत्रकावर घातलं. सराव संघाबरोबर, पगार टॅक्सीचा. कोणी जखमी झाला की दुसऱ्या दिवशी तयार माणूस हजर. आजचा 'प्रॅक्टिस स्क्वॉड' ही याचीच कायदेशीर आवृत्ती.

मॅकब्राइडचं श्रेय मला याहून एका गोष्टीत जास्त वाटतं: त्याने तोंड घातलं नाही. हिशेब बघायचा, सामने बघायचा, कोणाला खेळवायचं यावर चकार शब्द नाही. १९५१ मध्ये सिनेटर केफॉव्हर यांच्या संघटित गुन्हेगारीवरच्या समितीपुढे घोडशर्यतींच्या निकालांच्या तारसेवेवरून त्याची जाहीर चौकशी झाली, तेव्हाही ब्राऊनच्या कारभारात फरक पडला नाही. १९५३ मध्ये त्याने संघ ६ लाख डॉलरला स्थानिक गटाला विकला. त्यांनीही तीच रीत ठेवली.

---

चौथा डाऊन

आणि इथेच माझ्या पहिल्या पोस्टमधली 'फुटबॉलमध्ये शेवटचा शब्द ब्राऊनचा' ही अट परत येते. १९६१ मध्ये आर्ट मोडेलने संघ सुमारे ३९ लाख २५ हजार डॉलरला घेतला. वय ३५, न्यूयॉर्कचा जाहिरात क्षेत्रातला माणूस, खेळाडूंत मिसळणारा, मत देणारा. ब्राऊनला आठ वर्षांचा करार दिला, पण त्या जुन्या अटीत मोडेलला राहायचं नव्हतं. ब्राऊनचंही चुकलं, नव्या मालकाला तो परका धरूनच वागवायचा. शिवाय खेळाडू बदलले होते. क्वार्टरबॅकला प्रत्येक चाल गार्डच्या हाती निरोप पाठवून सांगायची पद्धत (चक नोल हा असाच एक निरोप्या) १९५० च्या दशकात हुशारीची वाटे. दहा वर्षांनी संघाचा फुलबॅक जिम ब्राऊन याच्यासारख्यांना ती जाचक वाटू लागली. १९५६ मध्ये क्वार्टरबॅक जॉर्ज रॅटरमनच्या हेल्मेटात रेडिओ बसवून पाहिला, तो बेल यांनी बंद केला, म्हणून गार्डची ये-जा चालूच राहिली.

जानेवारी १९६३ मध्ये मोडेलने त्याला काढलं. त्या वेळी क्लीव्हलँडची दोन्ही दैनिकं संपामुळे बंद होती, त्यामुळे शहरात जो गदारोळ छापून यायचा तो आलाच नाही. जागी आला ब्लँटन कोलियर, तोच फिल्मवाला. १९६४ मध्ये विजेतेपद, बाल्टिमोरवर २७-०.

---

लेक एरी

सुंदर धागा. शेवटचे दोन प्रश्न. चेट अॅडम्सवर रॅम्सने खटला भरला होता त्याचं काय झालं? आणि ग्रोझाची ती पट्टी?

---

हिशेबनीस

खटला ऑगस्ट १९४६ मध्ये निकाली. अॅडम्सचं म्हणणं: माझा करार क्लीव्हलँड रॅम्सशी, तो संघ आता नाही. न्यायालयाने मान्य केलं. त्याच हंगामात तो ब्राऊन्सकडून खेळला.

---

ओहायोकर

पट्टी साधी चिकटपट्टी, ७२ इंच लांब, हेल्मेटात ठेवलेली. चेंडू जिथे टेकवणार तिथून मागे सरळ अंथरायची, त्या रेषेवरून दोन पावलं आणि लाथ. चेंडू पंजाने सरळ मारायची पद्धत होती ती. पाय रेषेतून हलला की चेंडू भरकटतो, म्हणून पट्टी. पुढे लीगने लाथ मारायला कुठलंही बाहेरचं साधन वापरायला बंदी घातली. त्यानंतर ग्रोझा बुटाच्या टोकाने मातीत रेघ ओढायचा.